सगळ्यात आत ठेवलेला पलंग

त्याला सगळे 'इंची' म्हणायचे. शर्टाच्या खिशात कायम मोजपट्टी, आणि कुणी काही दाखवलं की आधी त्याची लांबी-रुंदी सांगायची सवय. बायकोसुद्धा रागावली की म्हणायची, "माझं डोकं दुखतंय म्हटलं तर आधी डोकं मोजाल तुम्ही."

आजारी माणसांना लागणारं सामान भाड्याने देणाऱ्या एका दुकानात तो पिकअप चालवत होता. डोक्याकडून वर उचलता येणारे पलंग, चाकाच्या खुर्च्या, हवेच्या गाद्या, ऑक्सिजनच्या टाक्या. ते घरोघरी पोचवायचं, जोडून द्यायचं, वापर संपला की परत आणायचं. वापर का संपला हे दुकानात कुणी विचारत नसे. मालकीणबाई पूर्वी नर्स होत्या, म्हणून सगळे त्यांना सिस्टर म्हणत. त्या चिठ्ठीवर फक्त दोन प्रकार लिहायच्या, 'नेणे' आणि 'आणणे'.

अकरा वर्षांपूर्वी त्याच्या हातात गाडी आली तेव्हा मागचा हौदा नुसता रिकामा पत्रा होता. आधीचा ड्रायव्हर सगळं एकावर एक रचायचा आणि वरून दोरी आवळायचा. वळणावर टाक्या गडगडायच्या, पलंगाच्या खिळी हरवायच्या, पांढऱ्या गाद्यांना गंजाचे डाग पडायचे. यानं पहिल्याच महिन्यात हौद्याची मापं घेतली. आठ फूट लांब, साडेपाच फूट रुंद. केबिनच्या पाठीला टाक्या उभ्या राहतील असे लोखंडी गाळे करून घेतले, प्रत्येकाला चामड्याचा पट्टा. दोन्ही कडांना फळ्या मारल्या. तळाला जाड रबरी चटई अंथरली आणि चटईला भोकं पाडून तिच्यातून आठ कड्या वर काढल्या, पलंगाचे पाय बांधायला. डाव्या बाजूला लांबलचक झाकणाची पेटी, तिच्यात खिळी, नट, जादा चाकं, पाने, कापड. आणि मध्ये सरकती फळी. फळीच्या पुढे धुतलेलं सामान, मागे परत आलेलं. एकाचा दुसऱ्याला स्पर्श होता कामा नये. ती फळी बघून सिस्टर म्हणाल्या होत्या, "माझ्या वॉर्डात असती तुझ्यासारखी दोन माणसं, तर मी नोकरी सोडलीच नसती."

सामान भरायचा त्याचा एकच नियम होता. ज्याचं घर शेवटी, त्याचं सामान आधी चढवायचं, सगळ्यात आत. पहिल्या घराचं सामान शेवटी, मागच्या फाळक्याशी. सकाळी चिठ्ठ्या हातात आल्या की तो पाच मिनिटं गाडीला टेकून उभा राहायचा, आणि मग असं भरायचा की दिवसभरात एकही वस्तू दुसऱ्यांदा हलवावी लागायची नाही.

हौद्यावरचं ताडपत्रीचं आच्छादन मात्र बायकोनं शिवलेलं होतं. ती ताडपत्रीच्या दुकानात मोठ्या मशीनवर बावीस वर्षं बसत होती. ट्रक, टेम्पो, मांडव, होड्या, सगळ्यांची आच्छादनं तिच्या हाताखालून गेलेली. दर तीन-चार वर्षांनी ती नवऱ्याच्या गाडीभोवती फिरून मापं घ्यायची. "तुमच्या अंगाचं माप चुकेल माझं," ती म्हणायची, "पण गाडीच्या अंगाचं नाही चुकायचं."

संध्याकाळी जेवताना तो तिला सांगायचा, आज कुठे पलंग दिला, कुठून आणला. तिला माणसांत रस असायचा. कोण बसलं होतं उशाशी? सुनेचा चेहरा कसा होता? म्हातारा काही बोलला का? एका मुलाचा पाय मोडला होता, तो तीन महिन्यांनी स्वतःच्या पायांवर गाडीपर्यंत आला आणि पलंग चढवायला त्यानं हात लावला. ती गोष्ट तिनं त्याच्याकडून निदान वीस वेळा ऐकली असेल. पुन्हा पुन्हा सांगायला दुसरी तशी गोष्ट त्याच्याकडे फारशी नव्हती.

मग तिची पाठ दुखायला लागली.

बावीस वर्षं वाकून बसल्यावर पाठ दुखणारच, असं दोघांनी धरलं. तेल लावलं, शेकलं, गोळ्या घेतल्या. चार महिन्यांनी कळलं की दुखणं पाठीचं नव्हतंच, दुसरीकडून येऊन कण्यात उतरलं होतं. आणखी पाच महिने दवाखान्याच्या फेऱ्या झाल्या. शेवटी डॉक्टरांनी त्याला बाहेर बोलावलं. म्हणाले, आता घरी न्या, दुखणार नाही एवढं बघू. आणि डोक्याकडून वर होणारा एखादा पलंग मिळाला तर बघा, त्यांना श्वासाला बरं पडेल. डॉक्टरांना त्याचा धंदा माहीत नव्हता. तो म्हणाला, "हो, बघतो," अगदी गिऱ्हाईकं म्हणतात तसं.

त्यानं पलंग आणला नाही.

तिला म्हणाला, सध्या सगळे बाहेर गेलेत. पुढच्या आठवड्यात म्हणाला, आपला दरवाजा अरुंद आहे, तीस इंच, पलंग छत्तीसचा. पलंग सुटा करून नेतात आणि आत जोडतात, हे तिला त्यानंच हजारदा सांगितलं होतं. त्यानं जुन्या खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवल्या. फळी तासून पाठीला उतार केला, तिच्यावर उशा बांधल्या. खटपट खूप केली. पण ती रात्रंदिवस घसरून खाली यायची, मग तो तिला काखेत धरून वर ओढायचा, आणि ओढताना ती दात आवळायची.

सहा आठवडे असे गेले. परगावी नोकरीला असलेली मुलगी रजा काढून आली. पहिल्याच दिवशी आईचं अंग पुसताना तिला पाठीवर माकडहाडापाशी लाल चट्टा दिसला, मध्ये कातडी सोललेली. ती स्वयंपाकघरात आली. तो ओट्याशी उभा राहून भांडी पुसत होता.

"बाबा, तुमच्या दुकानात पलंग किती आहेत?"

"असतील."

"आकडा सांगा. तुम्हाला माहीत नाही असं होणार नाही."

"एकोणीस."

"आज मोकळे किती?"

त्यानं पातेलं पुसून ठेवलं, पुन्हा उचललं, पुन्हा पुसलं.

"पाच," तो म्हणाला.

"पाच! आणि आई विटांवर झोपलीय!"

"तुला माहीत नाही ते. मी नेतो ते पलंग. आणि मीच परत आणतो."

"मग?"

"मग काय... आपल्या घरात नको."

मुलीला कळलं. तिचा आवाज खाली आला, पण राग सगळा गेला नाही. "बाबा, आईच्या पाठीला जखम झालीय. तुम्ही घाबरलात म्हणून ती भरून येणार नाही."

स्वयंपाकघर आणि खोली यांच्यामध्ये नुसता पडदा होता. आत ती जागीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कामावर गेल्यावर तिनं मुलीकडून फोन मागून घेतला आणि सिस्टरना लावला.

"सिस्टर, मला पलंग हवाय. गादी हवेची."

"अगं, मी कधीची वाट बघतेय," सिस्टर म्हणाल्या. "दोनदा विचारलं त्याला. म्हणतो, लागला की सांगतो. थांब, आत्ताच त्याला—"

"त्यांना काही बोलू नका. चिठ्ठी द्या. बाकीच्यांना देता तशीच."

सिस्टरनी वही पुढे ओढली. मग म्हणाल्या, "बरं. पत्ता सांग." पत्ता त्यांना पाठ होता, तरी त्यांनी तो तिच्या तोंडून लिहून घेतला.

त्या दिवशी त्याच्या हातात चार चिठ्ठ्या आल्या. चारही 'नेणे'. चाकाची खुर्ची, एक पलंग, दोन टाक्या, आणखी एक पलंग. नेहमीप्रमाणे तो गाडीला टेकून वाचत होता. शेवटच्या चिठ्ठीवर आपल्या गल्लीचं नाव बघून त्याच्या मनात आलं, आपल्या गल्लीत कोण पडलंय बरं? मग घराचा नंबर दिसला. मग पेशंटचं नाव.

तो आत गेला. "सिस्टर, हे कुणी सांगितलं?"

सिस्टरनी वही बंद केली नाही, मान वर केली नाही. "पेशंटनं. स्वतः फोन केला होता."

"मी बघितलं असतं हो..."

"पेशंटनं मागितल्यावर मी नाही म्हणत नाही. अकरा वर्षांत तूही कधी म्हणाला नाहीस."

तो परत अंगणात आला. मोकळे पाच पलंग भिंतीशी सुटे करून ठेवले होते. त्यानं पाचही बघितले. अकरा नंबरच्या पलंगाचा डोकं वर करायचा दांडा सगळ्यात हलका फिरायचा, चाकं मागच्याच महिन्यात बदललेली. तो पलंग कुठल्या कुठल्या घरांतून जाऊन आलाय हे त्याला आठवायला लागलं, तेव्हा त्यानं पटकन तो उचलला आणि गाडीकडे चालायला लागला.

आणि त्यानं तो सगळ्यात आधी चढवला. पार आत, टाक्यांच्या गाळ्यांना लावून. चार कड्यांना बांधला. त्याच्यापुढे दुसरा पलंग, मग टाक्या, मग खुर्ची.

अंगणात पाइप घेऊन पलंग धुणारा माणूस बघत होता. "अरे इंची, तुझं घर तर इथून पहिलं लागतं. उलटं कसं भरलंस?"

"राहू दे."

"आता सगळं उतरवल्याशिवाय निघणार नाही तो."

"म्हटलं ना, राहू दे."

धुणाऱ्यानं पाण्याचा नळ बंद केला आणि फाळका लावायला हात दिला, जे तो एरवी कधी करत नसे.

दिवसभर त्यानं काम इतकं सावकाश केलं की लोक खूश झाले. खुर्चीच्या घरी त्यानं खुर्चीच्या ब्रेकला तेल दिलं आणि वर त्यांच्या कपाटाचं बिजागरही घट्ट करून दिलं. टाक्यांच्या घरी माप वाचायचं कसं हे आजींना तीनदा समजावलं, चौथ्यांदा आजीच म्हणाल्या, "अहो, मी शाळेत गणित शिकवायचे." पलंगाच्या घरी चहा विचारला, तो एरवी कुठेच थांबत नसे, तिथे बसून चहा घेतला. चार वाजता हौद्यात एकच पलंग उरला आणि जायला दुसरं घर राहिलं नाही.

घरासमोर गाडी लावून तो जिना चढला तेव्हा मुलगी दारातच होती. आतून आवाज आला, "आलं का सामान?"

"आलं," तो म्हणाला.

परक्या घरी करायचा तसंच त्यानं सगळं केलं. चपला बाहेर काढल्या. हात धुतले. मोजपट्टी काढून खोली मोजायला लागला.

"अहो," ती खाटेवरून म्हणाली, "तीस वर्षं झोपताय या खोलीत. ती काय आता वाढलीय?"

तरी त्यानं मोजली. खिडकीपासून भिंत, भिंतीपासून दार. मग डोक्याकडचा भाग आणला, पायाकडचा आणला, खिळी घातल्या, चाकांना ब्रेक लावले, गादी अंथरून तिच्यात हवा भरली. चादरीची चारही टोकं धरून बापलेकींनी तिला उचलायला घेतलं. तो म्हणाला, "तीनवर. एक, दोन..." तिला त्यानं तीनवर उचललं तेव्हा त्याच्या लक्षात आलं, तिच्यात आता वजन असं उरलंच नव्हतं.

मग त्यानं दांडा फिरवला. तिचं डोकं, खांदे, पाठ हळूहळू वर आली. सहा आठवड्यांनी तिला खिडकीतून बाहेरचं दिसलं. समोरच्यांची वाळत घातलेली धुणी, गल्लीच्या टोकाचं झाड, खाली उभ्या पिकअपचं छत. तिनं डोळे मिटून लांब श्वास सोडला.

"एवढंच हवं होतं हो," ती म्हणाली. "एवढ्यासाठी किती ताणलंत."

तो फाळका लावायचं निमित्त करून बाहेर गेला. बराच वेळ आला नाही. परत आला तेव्हा तिनं हात पुढे केला. "सही घ्यायची राहिली की चिठ्ठीवर."

"तुझी कसली सही!"

"बाकीच्यांची घेता ना? आणा."

तिनं पलंगाच्या कठड्यावर चिठ्ठी धरून सही केली. वाकडी आली. म्हणाली, "आणि ते सांगायचं असतं ना तुमचं, ते सांगा."

ते म्हणजे पलंग दिल्यावर घरच्यांना तो समजावून सांगायचा ते. तो पलंगाच्या पायाशी उभा राहिला. "दांडा या बाजूला फिरवला की डोकं वर. उलटा फिरवला की खाली. चाकाचे ब्रेक कायम लावलेले असू द्या. गादी..."

"गादीचं काय?"

"गादीतली हवा रोज बघायची," तो म्हणाला, आणि पुढचं त्याला सांगता आलं नाही. तो खाली बसला, कठड्याला कपाळ टेकलं आणि रडला. मुलगी स्वयंपाकघरात निघून गेली. बायकोनं त्याच्या केसांतून हात फिरवला. हात जड होता, म्हणून मग नुसता ठेवला.

पलंग आला आणि तिचं दुखणं थांबलं असं झालं नाही. पण जखम सुकली. ती बसून भाताचे चार घास खायला लागली. खिडकीतून गल्लीवर नजर ठेवायला लागली, कोण कुठे निघालं, कुणाची कुणाशी भांडणं. आणि खिडकीतून रोज गाडीचं छत दिसायचं, ते तिला बघवेना.

"कोपऱ्याशी फाटलीय ताडपत्री. दोरी बांधून भागवताय."

"चालतंय अजून."

"माझ्या हातचं आहे ते. फाटकं फिरवू नका गावभर. मी माप घेते, दुकानात सांगते, शिवतील."

"मापं आहेत माझ्याकडे लिहून."

"तुमची मापं तुमच्यापाशी. मला दुकानात घेऊन चला."

मुलगी म्हणाली, आई, कसं जमेल? तो मात्र नाही म्हणाला नाही. तो खाली गेला आणि हौद्यात उभा राहिला, पाच मिनिटं, मग दहा. दुसऱ्या दिवशी त्यानं सिस्टरना सांगून अर्धा दिवस मागून घेतला. ताडपत्री सोडली, सरकती फळी काढली, टाक्या उतरवल्या, पेटी रिकामी केली. दुकानातून आणखी एक पलंग आणून हौद्यात जोडला, चार कड्यांना चार पट्टे, वर आणखी दोन. साडेसहा फुटांचा पलंग, आठ फुटांचा हौदा. उरलेल्या दीड फुटात मुलीला बसायला स्टूल, तेही बांधून. शेजारचे दोघे मदतीला आले. तिला खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली आणली, फळीवरून हौद्यात चढवली आणि पलंगावर घेतली.

माणूस पायी चालेल तितक्याच वेगानं त्यानं गाडी चालवली. मागचे हॉर्न वाजवायला लागले. मुलगी हात हलवून त्यांना पुढे जायला सांगत राहिली. जाताना त्यांना हौद्यातल्या पलंगावर पाठ टेकून बसलेली बाई दिसायची आणि त्यांचे हॉर्न थांबायचे. ती मात्र वैतागली होती. केबिनच्या जाळीतून ओरडून म्हणाली, "अहो, डावीकडची कडी वाजतेय. कधीची वाजतेय?"

"पुढे बसल्यावर ऐकू येत नाही."

"अकरा वर्षं लोकांचं सामान असं वाजत नेलंत!"

दुकानातल्या बायका मशीन सोडून रस्त्यावर आल्या. कुणी डोळ्यांना पदर लावला, तर तिनंच आधी चढ्या आवाजात सांगितलं की रडायला सवड नाही, कापड आणा. ताडपत्रीचे तागे फळीवर टाकून एकेक उलगडले गेले. तिनं बोटांत धरून पाहिले. दोन नाकारले. तिसरा, गडद राखाडी, तिनं गालाला लावला. "हे. कोपऱ्यांना दुहेरी घ्या. टाका जवळ घ्या, घाई करू नका."

मग तिनं नवऱ्याची मोजपट्टी मागितली. एक टोक मुलीच्या हातात दिलं आणि पलंगावरून हात पोचेल तिथवर आतली मापं घेतली.

"आतून रुंदी दीड इंच कमी भरतेय."

"शक्य नाही," तो म्हणाला. "साडेपाच फूट पक्के आहेत."

"तुमच्या फळ्यांची जाडी कोण धरणार?"

बायका हसल्या. त्यानं स्वतः वर चढून मोजलं. दीड इंच कमीच होतं. तो पट्टी धरून तसाच उभा राहिला आणि बऱ्याच महिन्यांनी मोठ्यानं हसला.

परतताना ती थकली होती. एका ठिकाणी तिनं गाडी थांबवायला सांगितली. तिथे काही नव्हतं, साधा रस्ता, एका शाळेची भिंत, वर मोकळं आभाळ. "जरा थांबा नुसतं," म्हणाली. तो केबिनमधून उतरून मागे आला आणि फाळक्यापाशी उभा राहिला. दहा-पंधरा मिनिटं तिघं तिथे होती. मग ती म्हणाली, "चला."

आठ दिवसांनी आच्छादन शिवून आलं. ते चढवताना तिनं खिडकीतून बघितलं. डाव्या बाजूला एक चुणी आली होती. ती तिला पसंत पडली नाही, आणि तसं तिनं दुकानात फोन करून कळवलंसुद्धा.

त्यानंतर सहाव्या दिवशी सकाळी ती गेली. मुलगी चहा करत होती. तो वाकून गादीतली हवा बघत होता. तिचा श्वास लांबला, आणखी लांबला, आणि पुढचा आलाच नाही. तो वाकलेलाच राहिला, हात गादीखाली तसाच.

सिस्टरचा निरोप आला, पलंगाची घाई नाही, हवा तेवढा राहू दे. पाच दिवस तो राहिला. ते दोघं त्या खोलीत जायचे आणि पलंगाला वळसा घालून बाहेर यायचे. सहाव्या दिवशी सकाळी तो मुलीला म्हणाला, "ते टोक धर."

गादीतली हवा त्यानं सोडली, ती बराच वेळ फुसफुसत राहिली. खिळी काढल्या, पेटीत मोजून टाकल्या. दोघांनी एकेक भाग खाली नेला. सरकत्या फळीच्या मागे, परत आलेल्या सामानाच्या जागी, त्यानं तो ठेवला आणि बांधला. खोलीच्या फरशीवर चार चाकांच्या चार काळ्या खुणा राहिल्या. मुलगी त्या पुसायला बसली. तो म्हणाला, राहू देत आज.

दुकानाच्या अंगणात धुणारा पाइप घेऊन पुढे आला. इंचीनं त्याच्या हातातून पाइप घेतला. दांडा, कठडे, खिळीची भोकं, चाकांच्या खाचा, सगळं त्यानं स्वतः धुतलं. साबण लावून पुन्हा धुतलं. दुपार झाली. सिस्टर चहाचा कप घेऊन येऊन उभ्या राहिल्या.

"सिस्टर," तो म्हणाला, "मला थोडे दिवस फक्त 'नेणे' द्या. आणायचं काम नको."

"बरं," त्या म्हणाल्या.

आणायच्या कामाला सिस्टरनी एक टेम्पोवाला ठेवला. मुलगी रविवारी तिच्या गावी गेली. तो रोज आठला निघायचा, सामान पोचवायचा, जोडून द्यायचा, दांडा कसा फिरवायचा ते सांगायचा. दुपारपर्यंत हौदा रिकामा व्हायचा आणि तो रिकामाच परत यायचा.

टेम्पोवाला वाईट माणूस नव्हता, पण सामानाच्या बाबतीत आंधळा होता. खिळी हरवल्या. एका पलंगाचं चाक वाकलं. दीड महिन्यानं, परत आलेली एक गादी अंगणात उलगडताना इंचीच्या हाताला चष्मा लागला. बाईमाणसाचा, बारीक काड्यांचा, गादीच्या घडीत दबून एक काडी वाकलेला. त्यानं टेम्पोवाल्याला विचारलं, कुठल्या घरची गादी? त्याला सांगता येईना. शेवटी इंचीनंच सिस्टरच्या वहीत तारीख बघून पत्ता काढला, काडी चिमट्यानं सरळ केली आणि गेला.

दार एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उघडलं. त्यानं कापडात गुंडाळलेला चष्मा पुढे केला. "गादीत राहिला होता."

गृहस्थांनी तो घेतला, शर्टाच्या टोकानं काचा पुसल्या, उजेडात धरून बघितल्या. "तीन दिवस शोधतोय," ते म्हणाले. "सगळं घर उलटं केलं. मग म्हटलं, घेऊन गेली असेल बरोबर. आत या ना."

"नाही, गाडी रस्त्यात आहे."

"या हो. कुणी नाहीये घरात."

तो आत गेला. खुर्चीवर बसला. गृहस्थ समोर बसले, चष्मा मांडीवर ठेवून. गृहस्थांनी सांगितलं, ती वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवायची, अर्धं राहिलंय. त्यानं सांगितलं, माझी बायको ताडपत्री शिवायची. बाहेर कुणीतरी गाडी काढ म्हणून हॉर्न वाजवला, तेव्हा तो उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सिस्टरच्या टेबलापाशी गेला. "आणायच्या चिठ्ठ्यासुद्धा माझ्याकडेच द्या. तो नीट बघत नाही."

सिस्टरनी ड्रॉवर उघडून दोन चिठ्ठ्या त्याच्या पुढ्यात सरकवल्या. एक घर तिसऱ्या मजल्यावर होतं, लिफ्ट नसलेलं. तो चिठ्ठ्या घेऊन अंगणात आला आणि गाडीला टेकून त्या वाचायला लागला.